लहान, गरीब देशाने लढाऊ विमानं घ्यावीत का?

सुरुवातीलाच तरी घेऊ नयेत, असं माझं मत.

मी ग्वाल्हेरचा. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून मिराज-2000 हे लढाऊ विमान उडालं की आमच्याकडे गच्चीवरच्या गप्पा आपोआप थांबतात. विमान दिसतं ते एवढंच. त्यामागे हँगर, सुटे भाग, तंत्रज्ञ आणि सततचा सराव असतो, आणि खरा खर्च तिथेच आहे. मिराज भारतात 1985 पासून आलं. आता सुटे भाग मिळवणं इतकं अवघड झालंय, की 2021 मध्ये आपण फ्रान्सची जुनी, वापरातून काढलेली मिराज त्यासाठी विकत घेतली. भारताची ही गत, तर ज्याच्याकडे मोजून आठ-दहा विमानं आहेत त्याचं काय? दोन दुरुस्तीला, एक सुट्या भागांअभावी उभं, की उरलं किती?

इक्वाडोरचं पाहा. त्यांनी आपल्याकडून सात ध्रुव हेलिकॉप्टर घेतली, त्यातली चार कोसळली आणि 2015 मध्ये करारच रद्द केला. दोष कोणाचा यावर दोन्हीकडून वेगवेगळं सांगितलं गेलं, पण छोट्या ताफ्यात चार गेली म्हणजे जवळजवळ सगळंच गेलं.

शिवाय जेट असूनही धोका टळतोच असं नाही. मार्च 2007 मध्ये तमिळ वाघांनी साध्या पंख्याच्या झ्लिन विमानांतून रात्री कटुनायकेच्या हवाई तळावर बॉम्ब टाकले. श्रीलंकेकडे तेव्हा किफिर आणि मिग-27 होती. पण अंधारात हळू, खालून उडणारं, इंजिन फारसं न तापणारं, म्हणून उष्णतेवरूनही सहज न टिपता येणारं विमान जेटला सापडणं कठीण. तिथे उपयोग रडारचा आणि विमानविरोधी तोफांचा.

फिलिपिन्सने 2005 मध्ये एफ-5 निवृत्त केली आणि दहा वर्षं लढाऊ जेटशिवाय काढली. 2013 च्या हैयान वादळात मदत पोचवायला लागली ती सी-130 सारखी मालवाहू विमानं. कोरियाची एफए-50 त्यांनी 2015 पासून घेतली, तीही हलकी, प्रशिक्षणालाही चालणारी.

म्हणून माझा क्रम असा: रडार, हेलिकॉप्टर, मालवाहू, समुद्र असेल तर टेहळणी विमान. जेट मागून.

आणि भेट मिळालेली विमानं? मालदीवला भारताने ध्रुव हेलिकॉप्टर आणि डॉर्नियर हे टेहळणी विमान दिलं, ती चालवायला आपलीच माणसं गेली. पुढे तिथे त्यावरून निवडणुकीत रान पेटलं आणि 2024 मध्ये सैनिकांच्या जागी नागरी तंत्रज्ञ पाठवावे लागले.