टोकोफेरिल अ‍ॅसिटेट म्हणजे अ‍ॅसिड का?

प्रश्न : ताई, आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू आहे. बोंडाची सुकली टोकं लागून बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. ठेचा वाटला की रात्रभर हात जळतात. मेडिकलमधून क्रीम आणली, तर बारावीतली पोरगी डबीवर ‘टोकोफेरिल अ‍ॅसिटेट’ वाचून म्हणते, आई, यात अ‍ॅसिड आहे, लावू नको. काय करू?
— एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : लावा, ताई. पोरीला मात्र लेबल वाचायला अडवू नका. आर्वीकडे बावीस वर्षं मी औषधाचं दुकान चालवलं, एवढं बारीक अक्षर वाचणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटलं.

टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्व. हवा, उजेड, ऊन लागलं की ते खराब होतं. आपल्याकडचा मे महिना तर तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून त्याला अ‍ॅसेटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरमधल्याच आम्लाचा, एक तुकडा जोडतात; तेच हे टोकोफेरिल अ‍ॅसिटेट. जोडल्यावर त्यात आंबटपणा राहत नाही, भाजत नाही. पण हा तुकडा बसतो नेमका तिथे, जिथून ई जीवनसत्त्व काम करतं. न उमललेलं बोंड बघा : कापूस आत शाबूत, पण वेचता येत नाही. कातडीतली विकरं, म्हणजे एन्झाइम, तो तुकडा हळूहळू तोडतात, तोही थोडाच.

म्हणजे तुमच्या चिरा भरतील त्या क्रीममधल्या ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेलीने. लेबलवर जास्त प्रमाणाचा घटक आधी लिहितात. ई बहुधा शेवटी सापडेल. त्याच्या नावाखातर महाग डबी घेऊ नका, साधी पेट्रोलियम जेली चालते. रात्री भांडी आटोपली की कोमट पाण्यात पाच मिनिटं हात बुडवा, टिपा, आणि ओलसर असतानाच जाड थर लावून जुने सुती पायमोजे हातात चढवा. सकाळी वावरात जाताना पेरांना सुती चिंधी गुंडाळा.

ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून चिरांवर लावू नका. माझ्या सुनेला कढईचा चटका बसला, तेव्हा मीच ती लावायला सांगितली होती. चौथ्या दिवशी डागाभोवती लाल पुरळ उठलं, खाजेने ती झोपेना. १९९९ साली अमेरिकेत १५ रुग्णांच्या व्रणांवर ई जीवनसत्त्व लावून पाहिलं होतं. बहुतेकांचे व्रण सुधारले नाहीत, आणि सुमारे एक तृतीयांश लोकांना पुरळ आलं. मला ते फार उशिरा वाचायला मिळालं. तुमच्या क्रीमनेही खाज सुटली तर लगेच बंद करा. पू किंवा सूज असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि फवारणी झालेल्या वावरात उघड्या चिरांनी शिरू नका. आपल्या यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली आहेत. फुटलेल्या कातडीतून विष लवकर आत जातं, आणि कुठलीही क्रीम ते अडवत नाही. रबरी हातमोजे मालकाकडे मागा, संकोच करू नका.