डी अँझातून बर्कली: करार आहे, पण कशाचा?

प्रश्न: मुलगा बारावी सायन्सला ८२ टक्क्यांनी पास झाला. सध्या नाशिकलाच बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याची मावशी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला असते. ती म्हणते, त्याला इकडे पाठवा. घराजवळच्या डी अँझा कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं करेल, त्यांचा विद्यापीठांशी करारच आहे, मग थेट बर्कलीत तिसऱ्या वर्षाला जाईल. राहणं आमच्याकडे, शिवाय वर्षभरानंतर स्थानिक फी लागेल. हे खरं आहे का? आखणी कशी करावी? (एक पालक, नाशिक)

उत्तर:

नमस्कार. मावशींनी सांगितलेला रस्ता खरा आहे. मात्र फीचा मुद्दा चुकीचा आहे आणि ‘करार’ हा शब्द त्यांनी फार सैल वापरला आहे.

आपल्याकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाला की मुलं इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात. कॅप राउंड असतो, गुणवत्ता यादी लागते, कोणाला कुठे जागा मिळाली ते एका पडद्यावर दिसतं. तेच चित्र डोळ्यांसमोर ठेवून पालक कॅलिफोर्नियाकडे बघतात आणि तिथेच फसगत होते. तिथे कॅप नाही. १९६० च्या मास्टर प्लॅनने राज्याच्या उच्चशिक्षणाचे तीन थर ठरवले: युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसी (बर्कली हा तिचाच एक कॅम्पस), कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सीएसयू, आणि दोन वर्षांची, म्हणजे कम्युनिटी कॉलेजं. ही दोन वर्षांची कॉलेजं आज ११६ आहेत. खालच्या थरातून वरच्या थरात जाण्याची वाट पहिल्यापासून योजनेतच होती. पण त्या वाटेवर तीन वेगवेगळ्या प्रकारचे करार आहेत आणि तिन्हींत दिलेला शब्द वेगळा आहे.

पहिला करार विषयाचा. डी अँझाचा अमुक कोर्स म्हणजे बर्कलीचा तमुक कोर्स, एवढंच तो सांगतो. याला तिथे आर्टिक्युलेशन म्हणतात आणि असे सगळे करार ‘असिस्ट’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतात. मावशी ज्याला करार म्हणतात तो बहुतेक हाच. यात प्रवेशाचं एक अक्षरही नाही. यातले सगळे कोर्स उत्तम गुणांनी करूनही बर्कली नाही म्हणू शकते, आणि कॉम्प्युटर सायन्सला पुष्कळांना म्हणतेही.

तरीही हाच कागद सगळ्यात बारकाईने वाचायचा आहे. असिस्टवर शैक्षणिक वर्ष, कॉलेज, विद्यापीठ आणि मेजर (पदवीचा मुख्य विषय) निवडलं की दोन रकाने दिसतात. डावीकडे विद्यापीठाला काय हवं ते, उजवीकडे त्याऐवजी कॉलेजात काय चालेल ते. उजव्या रकान्यात दोन कोर्सांच्या मध्ये ‘आणि’ असेल तर दोन्ही करावे लागतात. एकच केला तर ती अट अर्धी नव्हे, अजिबात पूर्ण होत नाही. डी अँझा तिमाही पद्धतीवर चालतं, यूसीचे बर्कली आणि मर्सेड हे कॅम्पस सेमिस्टरवर. त्यामुळे हा ‘आणि’ गणितात हमखास आडवा येतो. डी अँझात कॅल्क्युलस चार तिमाहींत वाटलेलं आहे: १ए, १बी, १सी, १डी. पहिले दोन तिथे आणि उरलेले दुसऱ्या कॉलेजात, असं केलं की तुकडे जुळत नाहीत. मालिका एकाच कॉलेजात सुरू करायची आणि तिथेच संपवायची. काही ओळींसमोर ‘समतुल्य कोर्स नाही’ असंही लिहिलेलं असतं. तो विषय वर गेल्यावर करावा लागेल, म्हणजे वरच्या दोन वर्षांची अडीच किंवा तीन होऊ शकतात, हे तेव्हाच हिशेबात धरा. दरवर्षी नवा करार निघतो. प्रत्येक वर्षीचा कागद उतरवून ठेवायचा, आणि ज्या कोर्सला समतुल्य नाही त्याचा सिलॅबससुद्धा जपायचा. पुढे विभागाकडे अर्ज करून तो मान्य करून घ्यायचा झाला तर तेवढाच पुरावा हाती असतो.

दुसरा करार सामान्य शिक्षणाचा. २०२५ च्या शरद सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांसाठी यूसी आणि सीएसयू दोघांना चालणारा एकच साचा आहे, कॅल-जीईटीसी. त्यात ११ कोर्स, ३४ सेमिस्टर युनिटं (म्हणजे क्रेडिटं): इंग्रजी लेखन, तर्क, भाषण, गणित, कला, समाजशास्त्रं, विज्ञान, वांशिक अभ्यास. काउन्सेलर सवयीने सांगतात की हा साचा आधी भरून टाक. कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनीअरिंगवाल्याने तसं करू नये. तिथे निवड मेजरच्या तयारीवर होते. मानव्यविद्यांचे पाच कोर्स झाले पण कॅल्क्युलस अर्धं राहिलं, तर अर्ज पडतो. अपवाद इंग्रजी लेखनाचा. त्याचे दोन कोर्स आणि गणिताचा एक हे यूसीच्या किमान अटींतच आहेत. इंग्रजीचा पहिला कोर्स पहिल्याच तिमाहीत घ्यावा. याच सुमारास राज्यभर काही कोर्सांना समान क्रमांक मिळाले आहेत. इंग्रजीचा पहिला कोर्स आता सगळीकडे ‘इंग्लिश सी-१०००’. फ्लोरिडात अशी समान क्रमांकांची पद्धत कित्येक दशकं आहे. कॅलिफोर्नियाला इतका उशीर का झाला, हे कोडंच आहे.

तिसरा करार जागेचा. हमी म्हणावी ती फक्त इथे, आणि तीही दोन प्रकारची.

यूसीची हमी म्हणजे टॅग (ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी). ती डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहाच ठिकाणी मिळते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत. म्हणजे मावशींच्या वाक्यातलं ‘थेट बर्कलीत’ इथेच संपलं. परदेशी विद्यार्थ्यालाही टॅग भरता येतो, पण एकाच कॅम्पससाठी. मुदत १ ते ३० सप्टेंबर. टॅगवर आणि पुढच्या मुख्य अर्जावर कॅम्पस आणि मेजर तेच हवं. मुख्य अर्जात बाकीचे कॅम्पसही निवडता येतात, त्यामुळे टॅग भरल्याने बर्कलीचं दार बंद होत नाही. खरी अडचण मेजरची आहे. सँटा बार्बराचा टॅग फक्त लेटर्स अँड सायन्स कॉलेजला लागू आहे आणि तिथलं कॉम्प्युटर सायन्स इंजिनीअरिंग कॉलेजात बसतं, म्हणून ते हमीबाहेर. मागणी जास्त असलेली मेजरं इतर कॅम्पसही वगळतात आणि ही यादी दरवर्षी बदलते. ‘टॅग मॅट्रिक्स’ नावाच्या कागदात प्रत्येक कॅम्पसच्या अटी, वगळलेले विषय आणि लागणारा जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) दिलेला असतो. कॉलेज निवडण्याआधी तो वाचा. यूसीसाठी राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला किमान २.८ जीपीए लागतो, पण टॅगला कॅम्पसनुसार ३ च्या आसपास किंवा त्याहून बराच वर.

सीएसयूची हमी वेगळी. २०१० च्या कायद्याने ‘ट्रान्सफरसाठीची असोसिएट पदवी’ आली, ती कम्युनिटी कॉलेजातच मिळते. ती घेतली की सीएसयूत कुठेतरी तिसऱ्या वर्षाला प्रवेश आणि पुढे ६० सेमिस्टर युनिटांत पदवी. यातला ‘कुठेतरी’ अधोरेखित करा. मावशींच्या घराजवळचं सॅन होजे स्टेट, आणि तिथलं कॉम्प्युटर सायन्स, हे या हमीत येत नाही. तिथे जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त असतात.

आता वेळापत्रक. यूसीला ट्रान्सफरसाठी ६० सेमिस्टर युनिटं लागतात, म्हणजे ९० तिमाही युनिटं. टॅग भरताना मात्र त्यांतली निम्मी, ४५ तिमाही युनिटं, आधीच झालेली हवीत. मुलगा सप्टेंबरअखेर सुरू करेल, तर पुढच्या सप्टेंबरपर्यंत त्याच्या तीनच तिमाही आणि फार तर एक उन्हाळी सत्र झालेलं असेल. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसाला दर सत्रात किमान १२ युनिटं पुरतात. बारा त्रिक छत्तीस, म्हणजे ९ कमी. व्हिसा ऑफिस खूश, टॅग नामंजूर. म्हणून १५ युनिटांची तिमाही धरायची, किंवा १२-१३ घेऊन उन्हाळ्यात भर घालायची. त्यातही युनिटं यूसीला चालणारी हवीत. परदेशी विद्यार्थ्यांना लावलेले काही इंग्रजी तयारीचे कोर्स त्यात धरले जात नाहीत. म्हणजे प्लेसमेंट, कुठल्या पातळीच्या कोर्सपासून सुरुवात करायची ते ठरणं, नीट होणं ही क्षुल्लक बाब नाही. बारावीच्या गुणपत्रिकेसोबत कॅल्क्युलस असलेला अभ्यासक्रम दाखवून पहिल्याच तिमाहीत गणित १ए मिळवायचं. प्रीकॅल्क्युलसमध्ये, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीच्या कोर्सात, टाकलं तर एक-दोन तिमाही गेल्या. मग भौतिकशास्त्राची ४ए-४बी-४सी ही मालिका गणिताच्या मागे असल्याने तीही मागे सरकते, आणि दोन वर्षांचं सहज तीन होतं.

पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुख्य अर्ज. जानेवारीत नव्या गुणांची भर घालायचा फॉर्म असतो. तो विसरल्याने चांगले अर्ज बाद होतात. एप्रिलअखेरीपर्यंत निकाल, १ जूनपर्यंत होकार. त्यानंतरही शेवटच्या तिमाहीत ठरलेला कोर्स सोडला किंवा ‘डी’ आला तर दिलेली जागा काढून घेतात. आणि ‘सी’ मिळालेला कोर्स जीपीए वाढवण्यासाठी पुन्हा करून फायदा नाही. यूसी फक्त ‘सी’च्या खालच्या ग्रेडची पुनरावृत्ती धरते.

फी. स्थानिक विद्यार्थ्याला डी अँझात तिमाही युनिटामागे ३१ डॉलर पडतात, म्हणजे ४५ युनिटांचं वर्ष १,३९५ डॉलरमध्ये. मावशींच्या डोक्यात हाच आकडा असावा. एफ-१ विद्यार्थ्याला तो लागू नाही. विद्यार्थी व्हिसावर कितीही वर्षं राहिलं, कोणाच्याही घरी राहिलं, तरी कॅलिफोर्नियाचा रहिवासी होता येत नाही. भाच्याची फी कॉलेजात स्थानिकाच्या कित्येक पट असेल आणि यूसीत गेल्यावर मूळ फीवर वर्षाला ३०,००० डॉलरपेक्षा जास्तीची रक्कम चढेल. मावशींच्या घरी राहण्याने भाडं वाचेल, फी नाही. आणि सनीव्हेलच्या घराचा उपयोग पहिल्या दोन वर्षांपुरताच. हमीचा एकही यूसी कॅम्पस तिथून रोज जाऊन-येऊन करण्यासारखा नाही. सँटा क्रूझ नकाशावर जवळ दिसतं, पण मध्ये डोंगरातला घाटरस्ता आहे.

आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या प्रवेशपत्रावर, कॉलेज पहिल्या वर्षाचाच खर्च दाखवायला सांगतं. तेवढी सोय झाली म्हणजे झालं, असं समजून निघालेली मुलं तिसऱ्या वर्षाच्या बिलाशी अडतात. चार वर्षांचा आकडा एका कागदावर मांडा, डॉलर वर जाईल हे धरून. व्हिसाच्या मुलाखतीत ‘कम्युनिटी कॉलेजच का?’ हा प्रश्न येणार. ‘मावशी जवळ राहते’ हे उत्तर तिथे उलटतं. कुठलं मेजर, कुठले कोर्स, कुठल्या कॅम्पसचा टॅग, पैसे कुठून, हे मुलाला स्वतःला सांगता यायला हवं. पाठांतर नको, असिस्टचा कागद त्याने खरंच वाचलेला हवा.

व्हिसाच्या आणखी दोन गोष्टी. पूर्णवेळेच्या १२ युनिटांत ऑनलाइन कोर्स एकच धरला जातो. आणि कॉलेजातून विद्यापीठात जाताना सेविस नोंद, म्हणजे अमेरिकी सरकारकडची परदेशी विद्यार्थ्याची नोंद, हलवावी लागते. कोर्स संपल्यानंतरच्या ६० दिवसांत जुन्या कॉलेजाला ती सोडायला सांगायचं. त्याच सुट्टीत भारतात यायचं असेल तर आधी नोंद हलवून नव्या विद्यापीठाचं आय-२० हातात घ्यायचं, मग तिकीट.

माझं मत विचारलंत तर असं. कॉम्प्युटर सायन्सच हवं आणि बर्कलीच हवी, असा हट्ट असेल तर पाठवू नका. खर्च मोठा आणि हमी शून्य, असा तो सौदा आहे. गणित, संख्याशास्त्र किंवा तशा शेजारच्या मेजरला टॅग मिळणाऱ्या कॅम्पसवर जायला तो मनापासून तयार असेल, आणि चार वर्षांचे पैसे कर्जाखाली न वाकता उभे राहत असतील, तर ही वाट चांगली आहे. लहान वर्ग आणि शिकवणं हेच मुख्य काम असलेले प्राध्यापक बहुतेक मोठ्या विद्यापीठांच्या पहिल्या दोन वर्षांत मिळत नाहीत. कॅलिफोर्नियाचाच हट्ट नसेल तर व्हर्जिनियाही बघा. नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज आणि जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या ‘ॲडव्हान्स’ योजनेत मेजरचा पूर्ण मार्ग पहिल्या दिवशीच आखून हातात देतात. क्रेडिटं वाया जातात ती बहुधा मधेच दिशा बदलल्यामुळे. अमेरिकी सरकारच्याच २०१७ च्या लेखा-अहवालात बदली करणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिटं गेल्याचा अंदाज आहे. सरकारी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात जाताना नुकसान त्याहून कमी होतं, पण होतंच.

राहिलं नाशिकचं पहिलं वर्ष. ‘तिथली क्रेडिटं चालणार नाहीत, मग दाखवायचं कशाला’ असा सल्ला कोणीतरी देईल. ऐकू नका. कॉलेजच्या आणि यूसीच्या, दोन्ही अर्जांत आधी शिकलेली प्रत्येक संस्था लिहावी लागते. परदेशातलीसुद्धा, गुण कमी असले तरीही. लपवलेलं नंतर उघड झालं तर मिळालेला प्रवेश रद्द होतो. परीक्षा अर्धवट टाकून निघू नका, नापासाचे शेरे सोबत जातील. जाण्यापूर्वी विद्यापीठाकडून गुणपत्रिकेचे शिक्का मारलेले बंद लिफाफे किमान चार घेऊन ठेवा आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा छापील अभ्यासक्रमही. तिकडून मागवायला निघालात तर महिने जातात, आणि अर्जाची तारीख थांबत नाही.