अदलाबदलीत मिळालेल्या बेमेळ कापडी चौकोनांचे गोधडीसाठी ब्लॉक कसे जुळवावेत?

आपण लिहिले आहे की मैत्रिणींशी अदलाबदल करून सुती कापडाचे सुमारे २०० चौकोन आपल्याकडे जमले आहेत, परंतु त्यांतले काही पाच इंचांचे तर काही पावणेपाच इंचांचे आहेत आणि रंगांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. देवगडजवळच्या आमच्या गावात मी बरीच वर्षे अशाच तुकड्यांच्या गोधड्या शिवते आहे. माझ्या अनुभवाने सांगते, रंगांचा मेळ घालण्याचा प्रयत्न आपण करूच नये; फक्त गडद आणि फिकट एवढाच भेद पाहावा.

त्याआधी प्रत्येक तुकडा हाताने धुऊन घ्यावा, कारण दुसऱ्याच्या घरून आलेले कापड पूर्वी पाण्यात पडले आहे की नाही हे आपल्याला कळत नाही. एका बाळंतिणीसाठी शिवलेल्या गोधडीत मी एक लाल तुकडा न धुता घातला आणि पहिल्याच धुण्यात शेजारच्या पांढऱ्या साडीच्या तुकड्यांवर गुलाबी डाग उतरले, याचे मला आजही वाईट वाटते. धुऊन वाळवल्यावर सगळ्यांत लहान निघेल त्या मापाला बाकीचे कापावेत. मोठा तुकडा ओढून लहानाशी जुळवू नये. उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरपा, कापलेला असेल तर तो हमखास ताणला जातो आणि ब्लॉक, म्हणजे चौकोन जोडून केलेला मोठा चौरस, वाकडा होतो.

आता सगळे तुकडे जमिनीवर पसरून मोबाइलवर त्यांचे कृष्णधवल छायाचित्र घ्यावे. डोळ्याला अगदी वेगळे वाटणारे हिरवे आणि तांबडे कापड त्यात कित्येकदा सारखेच करडे दिसते, म्हणून ते दोन्ही एकाच ढिगात जातात. नऊ चौकोनांच्या ब्लॉकमध्ये चार कोपरे आणि मधला असे पाच गडद व उरलेले चार फिकट ठेवावेत, आणि पुढच्या ब्लॉकमध्ये नेमके उलट करावे. असे २० ब्लॉक करण्यास ९० गडद व ९० फिकट तुकडे लागतील, म्हणजे विरलेले आणि डागाळलेले वीसेक बाजूला काढण्याची मुभाही राहील. दोन्ही तऱ्हांचे ब्लॉक आलटूनपालटून जोडले की कोणत्याही घरचा तुकडा परका न वाटता सगळी गोधडी बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते.

पावणेपाच इंचांच्या तुकड्याला प्रत्येक बाजूने पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेले कापड, धरली तर तो शिवल्यावर सव्वाचार इंच दिसतो आणि ब्लॉक पावणेतेरा इंचांचा होतो. आडवे चार व उभे पाच ब्लॉक जोडून सभोवती सहा इंचांची एकरंगी पट्टी लावल्यास गोधडी सुमारे ६३ बाय ७६ इंच भरते, जी एका माणसाला पुरते. प्रत्येक ओळीतील माया इस्त्रीने गडद तुकड्याकडे वळवावी. मग ओळी जोडताना शिवणी एकमेकींवर न चढता शेजारी बसतात आणि कोपरे नेमके जुळतात. जुन्या साडीचे कापड हातात घसरत असेल तर त्याला पेजेची निवळ लावून इस्त्री करावी, पण गोधडी पुरी झाल्यावर ती खळ धुऊन काढण्यास विसरू नये, कारण आपल्याकडच्या दमट हवेत खळीवर बुरशी लवकर धरते.

कोकणातल्या थंडीला कापसाचा थर लागत नाही, आत जुन्या सुती साडीच्या दोन घड्या पुरेत. खालचे अस्तर नऊवारीचे घ्यावे; तिचा पन्हा, म्हणजे रुंदी, ६३ इंचांना अपुरा पडतो, म्हणून दोन तुकडे मधोमध जोडावे लागतील. सर्व थर कच्च्या टाक्यांनी पक्के करून धावदोरा काठापासून आत फिरवत न्यावा आणि दोन ओळींत बोटभर अंतर ठेवावे. हे काम मे महिन्याच्या आत संपवावे, म्हणजे शेवटच्या धुण्यानंतर गोधडी पाऊस लागण्यापूर्वी दोन दिवस कडक उन्हात वाळवता येईल.