तावदानावरचं धुकं नक्की कुठल्या बाजूला?

घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

जून-जुलैत येणाऱ्या पत्रांत गळतीचेच प्रश्न असतात. श्रावण सरत आला की काचांचे सुरू होतात. यंदा ती इतकी आली की या महिन्याची सगळी जागा मी खिडक्यांना दिली आहे. माझे वडील परळच्या एका गिरणीत छपराच्या काचा सांभाळायचे. करवतीच्या दात्यांसारखी ती छपरं, उत्तरेकडून उजेड घेणारी. त्यातलं फुटकं तावदान उतरवायचं आणि नवं बसवायचं, हे त्यांचं काम. १९८२च्या संपानंतर त्यांनी लालबागला काचेचं दुकान टाकलं. १९९६पासून ते मी बघते.

ताई, आम्ही वडाळ्याला १९व्या मजल्यावर राहतो. हॉलच्या सरकत्या खिडकीला बिल्डरने डबल काच दिली आहे. सहा वर्षं काही त्रास नव्हता. या पावसात दोन झडपांच्या काचांत, खालच्या कोपऱ्यांत धुकं धरलंय. आतून पुसलं, बाहेरून पुसून घेतलं, जात नाही. एक जण म्हणतो, भोक पाडून वाळवून देतो. दुसरा म्हणतो, फ्रेमसकट खिडकी बदला. काय करू? — एक वाचक, वडाळा

दोघांचंही ऐकू नका. दोन्ही बाजूंनी पुसून जात नाही म्हणजे धुकं दोन काचांच्या मधे आहे. अशा वेळी फक्त काच बदलायची, फ्रेम तशीच ठेवायची. ते का, हे नीट सांगते; मूळ कारण कळलं नाही तर नवी काचही तशीच जाईल.

डबल काच म्हणजे दोन काचांचा बंद डबा. मधे बहुतेक वेळा १२ मिलिमीटरची पोकळी असते आणि कडेने चारी बाजूंना ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी, म्हणजे स्पेसर. पट्टीच्या पोटात साबुदाण्याहून लहान, ओल शोषणारे मणी भरलेले असतात. पट्टी आणि काच यांच्यामधे ब्युटाइलचा काळा, चिकट थर असतो. बाष्प अडवतो तो हाच. त्याच्या बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉन भरतात, दोन्ही काचा एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून. यातलं काहीच कायमचं हवाबंद नसतं. थोडं बाष्प वर्षानुवर्षं आत येत असतं आणि मणी ते पीत असतात. मण्यांचं पोट भरलं की काचेवर धुकं दिसायला लागतं. म्हणजे धुकं या पावसात दिसलं, तरी बिघाड बराच आधी सुरू झालेला असतो.

हे मी माझ्याच घरी शिकले. भांडुपच्या घराला मी एका फॅब्रिकेटरकडून डबल काचेच्या तयार खिडक्या बसवून घेतल्या होत्या. तिसऱ्या पावसाळ्यात पश्चिमेच्या खिडकीत धुकं आलं. काच उतरवून दुकानात आणली, टेबलावर आडवी ठेवली आणि कटरने कडेची सील कापली. वरच्या कडेचं ब्युटाइल इतकं घट्ट की नखाने निघेना. खालच्या कडेचं मात्र काचेपासून सुटलेलं, बोट फिरवलं की ओलं लागत होतं. मग स्पेसर कापून मणी ओल्या तळहातावर घेतले. वडिलांनंतर आमच्याकडे आलेल्या कारागिराने मला ही परीक्षा शिकवली होती. ताजे मणी पाणी ओढतात आणि ओढताना तापतात. चहाचा पेला धरावा तसा हात गरम होतो. माझ्या खिडकीतले मणी थंडगार राहिले. त्यांच्यात प्यायला जागाच उरली नव्हती.

फक्त खालचीच कड का गेली, याचं उत्तर खिडकीच्या ट्रॅकमध्ये होतं. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाने छोट्या फटी ठेवलेल्या असतात आणि झडपेच्या खालच्या पट्टीलाही छिद्रं असतात. झडीचं पाणी आत येणारच, ते त्यातून बाहेर जावं अशी ती सोय. बसवणाऱ्याने गळतीला घाबरून बाहेरून सगळीकडे सिलिकॉन फासलं आणि त्या फटीही बुजवून टाकल्या. शिवाय काचेखाली रबराचे ठोकळे न ठेवता ती सरळ ॲल्युमिनियमवर टेकवली. तीन पावसाळे माझी काच पाण्यात उभी होती. कुठलीच सील ते सहन करत नाही.

तुम्ही आज एक काम करा. खालच्या ट्रॅकमध्ये एक कप पाणी ओता आणि बघत राहा. मिनिटभरात ते बाहेर निघून गेलं पाहिजे. तिथेच थांबलं, तर फटी बुजल्या आहेत. मुंबईत त्या धूळ, कबुतरांची पिसं, ब्रशपट्टीचे गळलेले तंतू आणि बांधकामाच्या वेळचं सिमेंट यांनी बुजतात. आतल्या बाजूने खराट्याची हीर घालून मोकळ्या करा. बाहेर वाकायचं नाही. १९व्या मजल्यावर तर मुळीच नाही. बाहेरून सिलिकॉन असेल, तर ते काढायला पट्टा बांधून काम करणारा माणूसच बोलवा.

आता भोक पाडणाऱ्याबद्दल. उंच इमारतींत काच बहुधा टफन, म्हणजे तापवून कडक केलेली असते, कोपऱ्यात शिक्का दिसेल. टफन काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती सगळीच्या सगळी चुरा होते. साधी असली तरी मणी भरलेलेच राहणार, कडेची सील सुटलेलीच राहणार आणि त्या भोकातून मुंबईची दमट हवा आत-बाहेर करणार. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की काच स्वच्छ दिसेल, पुढच्या जूनमध्ये धुकं परत येईल. शिवाय आत ओल फार दिवस राहिली की काचेवर दुधाळ पापुद्रा बसतो. तो वाळवून जात नाही आणि आत हातही पोचत नाही.

काच मागवताना जाडी तिन्ही आकड्यांत सांगा. ६-१२-६ म्हणजे एकूण २४ मिलिमीटर, ५-१२-५ म्हणजे २२. एक मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तरी बीडिंग, म्हणजे काच धरणारी पट्टी, बसत नाही. उंची आणि रुंदी तीन-तीन ठिकाणी मोजून सगळ्यांत लहान माप धरायचं. बसवताना खाली रबरी ठोकळे, दोन्ही टोकांपासून साधारण पाव अंतरावर, ही अट तोंडी नको, बिलावर लिहून घ्या. कडेला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू देऊ नका. त्यातून सुटणारं आम्ल डबल काचेच्या सीलला बाधतं. न्यूट्रल सिलिकॉन मागा. आणि हे घरच्या घरी करायचं काम नाही. काच दर चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो भरते. तुमची दोन फूट बाय चार फुटांची झडप आणि ६-१२-६ची काच धरली, तर नुसती काचच २२ किलोंची.

काच उतरवली की स्पेसरवर बारीक छपाई आहे का ते बघा. कित्येक कारखाने तिथे महिना आणि वर्ष छापतात. बिल्डरकडचे कागद काढून हमी किती वर्षांची आहे तेही तपासा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी माझं मत सांगते. विमानाच्या किंवा हायवेच्या आवाजासाठी डबल काच घेत असाल, तर दोन्ही काचा सारख्या जाडीच्या घेऊ नका. एक जाड, एक पातळ, आणि जमलं तर त्यातली एक लॅमिनेटेड, म्हणजे मधे प्लास्टिकचा थर असलेली. आवाजातला फरक तुमच्या कानांना कळेल.

आमच्या बेडरूमच्या काचेवर रोज सकाळी बाहेरून पाणी धरतं, बाहेरचं काहीच दिसत नाही. एकच काच आहे. बदलावी का? — एक गृहिणी, गोरेगाव पूर्व

नाही हो, तुमची काच ठणठणीत आहे. रात्री एसी किती अंशांवर असतो? माझा अंदाज १८-२०. पावसाळ्यातल्या रात्री मुंबईची हवा इतकी दमट असते की साधारण २५ अंशांच्या खालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसाच हा प्रकार. एसी २४-२५वर ठेवा आणि हवेचा झोत काचेवरून वळवा. १ जानेवारी २०२०पासून स्टार लेबल असलेले नवे रूम एसी सुरू होताना २४ अंशांवरच असावेत असा नियम आहे. आपण हाताने खाली नेतो. पाणी काचेच्या आतल्या बाजूला धरत असेल, तर मात्र खोलीत कपडे वाळत घालणं बंद करा आणि स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावा.

चारकोपला तळमजल्यावर घर. खिडकीच्या काचांवर पांढरे डाग बसलेत, साबणाने निघत नाहीत. गडी म्हणतो ॲसिड लावू. लावू का? — एक वाचक, कांदिवली पश्चिम

ॲसिड लावू नका. संडास धुवायचं ॲसिड ॲल्युमिनियमच्या चौकटीचा रंग खाऊन टाकेल. बिनलेबलच्या बाटलीतलं 'काच चमकवायचं पाणी' तर घरातही आणू नका. त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असू शकतं आणि ते कातडीतून आत जाऊन इजा करतं.

डाग नळाच्या पाण्याचे नसावेत. भातसा, वैतरणा, तानसाचं पाणी मऊ असतं. झाडांना बोअरचं किंवा टँकरचं पाणी घालता का? किंवा वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो भिंतीवरून उतरतो का? ते पाणी काचेवर वाळलं की क्षार मागे राहतात. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवा. जुन्या बनियनचा कपडा त्यात भिजवून डागावर दहा मिनिटं चिकटवून ठेवा, मग पुसा. खिडकीच्या कट्ट्यावर संगमरवर असेल तर आधी त्यावर प्लास्टिक टाका, लिंबूसत्त्वाने संगमरवराची चमक जाते. हे दोन-तीन वेळा करूनही बोटाला काच खरखरीतच लागली, तर क्षार काचेत उतरले आहेत. मग सिरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून नमद्याच्या पॅडने घासायची. कष्टाचं काम आहे आणि खोल डाग तेवढ्यानेही जात नाहीत.

सोसायटीचं प्लास्टरचं काम निघणार असेल, तर परांची बांधायच्या दिवशीच काचा प्लास्टिकने झाका. सिमेंटचं पाणी काचेला कायमचं खातं. अशा काचा दुकानात आल्या की मला परत पाठवाव्या लागतात, आणि दर वेळी वाईट वाटतं.

बाई, मी ७६ वर्षांचा. गिरगावच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या सागवानी खिडक्या आहेत. एका जुन्या, लहरी दिसणाऱ्या तावदानाला आडवी चीर गेली आहे. वडील म्हणायचे, बाकीची तावदानं गोदीच्या स्फोटात फुटली, ही वाचली. चीर सांधता येईल का? काचेच्या कडेची लांबीही (पुटी) सगळीकडे सुटली आहे. — एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

काका, तुमचं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा लांबलांबच्या काचा फुटल्या होत्या. तुमचं तावदान त्यातूनच वाचलेलं का, हे काचेवरून सांगता येणार नाही. पण लहरी दिसतं म्हणजे ते जुन्या पद्धतीने ओढलेल्या काचेचं. आजची सपाट फ्लोट काच करण्याची रीत १९५९मध्ये जाहीर झाली. तशी लहर आता बाजारात सहजासहजी मिळत नाही.

चीर सांधत नाही, काका. गाडीच्या काचेत भरतात ते द्रव्य इथे फक्त चीर झाकेल, काचेला ताकद देणार नाही. खाली गल्ली आहे, माणसं ये-जा करतात. आजच आतून चिरेवर आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारखी रुंद चिकटपट्टी लावा. पण ती काच टाकून देऊ नका. गिरगावच्या खिडक्यांना वर लहान तावदानं असतात. चिरेच्या वरचा धड तुकडा कापून त्यातल्या एकात बसवता येईल. जुनी काच कापायला चिवट असते. कारागिराला सांगा, काच कापायची हिरकणी आतल्या, न झिजलेल्या बाजूवरून फिरव. खाली नवी काच घाला.

लांबी विकतची नको, घरी करा. खडूची पूड आणि डबल बॉइल केलेलं जवसाचं तेल पुरीच्या कणकेइतकं घट्ट मळून रात्रभर फडक्यात गुंडाळून ठेवा. जुनी लांबी काढताना हेअर ड्रायरने शेकली तर पटाशी हलकी चालते आणि सागवानाला जखम होत नाही. खाचेतल्या कोऱ्या लाकडाला आधी तेलाचा हात द्या, नाहीतर लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि लांबी वर्षभरात तडकते. काच छोट्या चुका मारून धरायची आणि मग लांबी तिरकी भरायची. रंग दोन-तीन आठवड्यांनी, वर साय धरल्यावर.

हे सगळं आत्ता नको, ऑक्टोबरच्या उन्हात करा. तोवर लाकूड सुकून जागेवर येईल आणि माप खरं मिळेल. त्या मापातून उंचीत आणि रुंदीत तीन-तीन मिलिमीटर कमी करून काच कापून घ्या. पुढच्या आषाढात चौकट फुगेल, तेव्हा ती जागा लागेल.