ओटीवर चार कांड्या, माजघरात शून्य

१९८४ साली मी चिपळूणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून, म्हणजे परगावचे कॉल बोर्डावर हाताने जोडून द्यायला लागले. पुढे ट्रंक कॉल गेले, बोर्ड गेला, मला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. नंबर १९८. तिथल्या साहेबांची सक्त ताकीद होती की ‘फोन बंद आहे’ एवढंच कधी लिहून घ्यायचं नाही. टोन येतो का, रिंग वाजते का, खरखर आहे का, पाऊस पडला की होतं का, सगळं विचारायचं आणि मग लाइनमन पाठवायचा. ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्ती घेतली, पण सवय सुटली नाही. आता या सदराला तुम्ही फोनच्या तक्रारी पाठवता आणि ‘रेंज नाही’ एवढंच लिहिता. या महिन्यात अशी पत्रं बरीच आली. त्यातली ज्यांनी नीट तपशील दिला ती निवडली आहेत.

प्रश्न : आमचं घर गुहागर तालुक्यात, जुनं, चिऱ्याचं. ओटीवर फोनला चार कांड्या असतात, माजघरात पाऊल टाकलं की एकही नाही. पुण्याहून मुलगा फोन करतो तर त्याला ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकू येतं. दुकानदाराने फाइव्ह-जी फोन घ्यायला लावला. फरक शून्य, उलट बॅटरी दुपारीच संपते. घरात फायबरचं इंटरनेट आहे. सिम बदलू का? (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : बाई, सिम बदलू नका. ओटीवर चार कांड्या येतात म्हणजे सिम ठीक, टॉवर ठीक, फोनही ठीक. आडवी येतेय ती भिंत.

चिऱ्याची भिंत जाड असते, आणि पावसाळ्यात चिरा पाणी पितो. ओल्या भिंतीतून टॉवरच्या लहरी आणखी कमी जातात. माजघराच्या वर पत्रा घातला असेल तर बघायलाच नको, पत्रा लहरी सरळ परतवून लावतो. त्यात लहरी-लहरींत फरक आहे. ९०० मेगाहर्ट्झच्या (लहर किती भराभर कंप पावते त्याचं हे माप) आसपासच्या लहरी लांब जातात आणि भिंतही बऱ्यापैकी ओलांडतात. २३०० च्या लवकर दमतात. फाइव्ह-जी आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर ३३०० च्या वरच्या पट्ट्यात चालतं, तिथे वेग भरपूर पण दम कमी. दुकानदाराने तुम्हाला वेगवान फोन दिला, तुमचं दुखणं वेगाचं नव्हतंच.

बॅटरीचं कारणही तेच. टॉवर लांब वाटला की फोन जोरात ‘ओरडतो’, म्हणजे जास्त ताकद लावून लहरी सोडतो, आणि फाइव्ह-जी मिळतंय का, नाही मिळत, परत फोर-जी, असा दिवसभर आत-बाहेर करत राहतो. सेटिंग्जमध्ये मोबाईल नेटवर्क, त्यात तुमचं सिम, त्यात नेटवर्कचा प्रकार निवडायची ओळ असते. तिथे फाइव्ह-जीऐवजी फोर-जी ठेवा. ‘फक्त टू-जी’ मात्र चुकूनही नको, इंटरनेट मुंगीच्या पावलांनी चालेल.

आता खरा उपाय. घरात फायबर आहे ना, मग कॉलसाठी टॉवरची वाट कशाला बघायची? त्याच सिमच्या सेटिंगमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ असं बटण आहे, ते चालू करा. मग तुमचा नेहमीचा नंबर, नेहमीचा कॉल, पण तो टॉवरऐवजी घरातल्या वाय-फायवरून जातो. समोरच्याकडे काहीच लागत नाही, देशातल्या कॉलला वेगळे पैसेही नाहीत. आपल्याकडे ही सोय २०१९ च्या अखेरीपासून येऊ लागली, तरी दहातल्या नऊ घरांत ते बटण बंदच सापडतं. (हा आकडा माझ्या शेजारपाजारचा, सरकारी नव्हे.)

एक मेख आहे. माजघरात अर्धी कांडी जरी लागली तरी काही फोन त्या अर्ध्या कांडीला चिकटून बसतात आणि वाय-फायकडे बघतही नाहीत. बटणाखाली ‘वाय-फायला प्राधान्य’ अशी निवड असेल तर ती करा. नसेल तर माजघरात बसल्यावर आधी विमान मोड लावा आणि मग नुसतं वाय-फाय चालू करा. आता मुलाला फोन लावा. लागला तर जमलं. विमान मोडमध्ये फोन लागतो हे बघून माझी भावजय घाबरली होती, तुम्ही घाबरू नका.

वीज गेली की राउटर, म्हणजे वाय-फायचा डबा बंद आणि वाय-फाय कॉलिंगही बंद, हे लक्षात ठेवा. राउटरला लावायचा छोटा बॅटरी-बॅकअप बाजारात मिळतो. पण टॉवरलाही वीज लागते, त्याची बॅटरी काही तास पुरते आणि मग तोही गप्प. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी घरात आली तेव्हा आम्ही माडीवर होतो. फोनची बॅटरी ४० टक्के होती. नेटवर्क गेलं आणि फोन ते शोधत बसला, दुपारपर्यंत फोन मेला. भाच्याने मात्र विमान मोड लावून ठेवला होता. तासातून दोन मिनिटं काढायचा, मेसेज जातोय का बघायचा, पुन्हा लावायचा. संध्याकाळी त्याच्याच फोनवरून ‘सगळे वर आहोत’ हा एसएमएस रत्नागिरीला गेला. कॉल लागत नव्हता. एसएमएसला फटीएवढी जागा पुरते. आयुष्यभर टेलिफोन खात्यात काढून ही गोष्ट मी कॉलेजातल्या पोराकडून शिकले.

प्रश्न : मी लातूरचा, पुण्यात शिकतो. कांड्या पूर्ण, मोबाईल डेटा चालू, रिचार्ज कालच केला, तरी नेट नाही. कॉल लागतात. मित्र म्हणतो सगळं रीसेट कर.

उत्तर : मित्राला थांबव. ‘नेटवर्क सेटिंग्ज रीसेट’ केलं की फोटो जात नाहीत हे खरं, पण वाय-फायचे सगळे साठवलेले पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. होस्टेलचा पासवर्ड पुन्हा कोणाकडे मागणार आहेस?

तू एक गोष्ट लिहिली नाहीस, सिम एक की दोन? दोन असतील तर रिचार्ज ज्या सिमवर केलास तेच सिम डेटासाठी निवडलेलं आहे का ते आधी बघ. मला आलेल्या अशा पत्रांत निम्म्यांचा घोटाळा इथेच निघतो. पॅक दुसऱ्यावर आणि डेटा पहिल्यावर. ‘डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर वळवा’ असंही एक बटण असतं, ते चालू असेल तर तुला न विचारता दुसऱ्या सिमचा पॅक संपतो.

तिथे बरोबर असेल तर एपीएन बघ. फोनने इंटरनेटसाठी कंपनीच्या कुठल्या दारातून आत जायचं, त्या दाराचं नाव म्हणजे एपीएन. जिओचं जिओनेट, बीएसएनएलचं बीएसएनएलनेट, एअरटेलचं एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, हे इंग्रजी अक्षरांत, सलग. कॉलचा मार्ग वेगळा, म्हणून कॉल लागतात आणि नेट अडतं. एपीएनच्या पानावर वरच्या तीन ठिपक्यांत ‘मूळ स्थितीत आणा’ असतं, ते आधी दाब. हाताने लिहायची वेळ आली तर शेवटी रिकामी जागा राहिली नाही ना बघ. कीबोर्ड शब्दापुढे आपणहून जागा सोडतो, ती डोळ्याला दिसत नाही, आणि दार उघडत नाही. नंतर फोन बंद करून चालू कर.

प्रश्न : इचलकरंजीत माझं सुताचं दुकान आहे. ‘तुमचं सिम दोन तासांत बंद होणार’ असा फोन आला. चालू ठेवायला *४०१* आणि पुढे एक दहा आकडी नंबर दाबायला सांगितला. मी दाबला. पडद्यावर काहीतरी इंग्रजी आलं. आता काय?

उत्तर : दादा, कॉल फॉरवर्डिंगचा कोड तो. तुम्हाला येणारे कॉल त्या दहा आकडी नंबरावर वळवा, एवढाच त्याचा अर्थ. मग तो भामटा तुमच्या नंबरावर व्हॉट्सॲप उघडायला घेतो, ‘कोड फोन करून सांगा’ असा पर्याय निवडतो, आणि तो फोन तुमच्याऐवजी त्याच्याकडे जातो. बँकेचा पडताळणीचा फोन असेल तर तोही.

या फसवणुकीमुळेच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड दाबून फॉरवर्डिंग चालू होण्याची सोय थांबवायला कंपन्यांना सांगितलं. त्यामुळे तुमचं बहुधा वाचलं असेल, आणि ते इंग्रजी म्हणजे नकाराची ओळ असेल. पण ‘बहुधा’वर दुकान चालत नाही. फोन लावायच्या ॲपमध्ये सेटिंग्ज उघडा, तुमचं सिम, मग कॉल फॉरवर्डिंग. ‘नेहमी फॉरवर्ड करा’ या ओळीसमोर नंबर दिसला तर बंद करा. ‘संपर्क नसताना’च्या ओळीत कधी कंपनीचाच नंबर असतो, तो चालतो. अनोळखी दहा आकडी दिसला तर तोही काढा. बंद होत नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून काढायला लावा. व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावून सहा आकडी पिन ठेवा. पैसे गेले असतील तर हे वाचत बसू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. आलेला तो फोन दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ या संशयास्पद फोनच्या तक्रारींच्या पानावर नोंदवता येतो.

छत्तीस वर्षांत आम्ही सबस्क्रायबरला घरी फोन करून ‘अमुक दाबा नाहीतर लाइन कापतो’ असं एकदाही म्हटलं नाही. लाइन कापायची झाली तर खातं न सांगताच कापायचं!

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेला सहा महिने जाते आहे. पेन्शनच्या बँकेचे ओटीपी भारतातल्या नंबरावर येतात. शेजारी म्हणतात रोमिंग चालू केलं तर हजारोंचं बिल येईल, बंद केलं तर ओटीपी येणार नाहीत.

उत्तर : ताई, शेजारी दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देताहेत. ‘आंतरराष्ट्रीय रोमिंग’ ही कंपनीकडून मिळणारी परवानगी, ती निघण्याआधी भारतात असतानाच चालू करून घ्या. ‘डेटा रोमिंग’ हे तुमच्या फोनमधलं बटण, ते बंदच ठेवा. ओटीपीच्या एसएमएसला डेटा लागत नाही, आणि परदेशात आलेल्या एसएमएसला बहुतेक कंपन्या पैसे घेत नाहीत. इंटरनेटला मुलीच्या घरचं वाय-फाय आणि तिथलं एखादं सिम.

भारतातल्या नंबरावर आलेला फोन मात्र उचलू नका, तिथे उचलायलाही पैसे पडतात. आपल्याकडेही २००३ पर्यंत मोबाईलवर आलेल्या कॉलचे पैसे पडत. लोक नंबर बघून कापायचे आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून उलटा फोन करायचे. तुम्ही व्हॉट्सॲपवरून करा.

अमेरिकेतलं थ्री-जी २०२२ मध्ये बंद झालं, कॉलही फोर-जीवरूनच जातात, म्हणून तुमच्या फोनमधलं ‘व्होल्टे’ किंवा ‘फोर-जी कॉलिंग’चं बटण चालू आहे ना ते बघून जा. आणि सहा महिन्यांच्या मध्येच रिचार्जची मुदत संपू देऊ नका. नंबर बंद पडला तर पेन्शनसाठी परत यावं लागेल.

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे, जुना बटणांचा फोन वापरतात. स्वस्त पडतं म्हणून त्यांचा नंबर मी दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली. नवं सिम घातलं तर फोन नेटवर्क पकडतच नाही. सिम तीनदा पुसून झालं. (सावंतवाडी)

उत्तर : पुसून काही होणार नाही. जुना बटणांचा फोन टू-जीचा असतो, आणि जिओसारख्या कंपनीकडे टू-जी मुळी नाहीच. हे सिम तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये घालून बघा, तिथे लगेच चालेल. परत जुन्या कंपनीत जायचं तर १९०० वर पुन्हा एसएमएस करता येतो, पण एकदा पोर्ट केल्यावर ९० दिवस थांबावं लागतं.

तोवर ८१ वर्षांच्या माणसाला टचचा फोन देऊ नका. फोर-जीचा बटणांचा फोन मिळतो. दुकानात ‘व्होल्टे आहे का’ एवढंच विचारा, आणि बाहेर पडायच्या आधी तेच सिम घालून तिथूनच घरी फोन लावून बघा. बटणांचा आवाज मोठा ठेवा, जुन्या फोनमधले नंबर कागदावर उतरवून घ्या. सिममध्ये असतील असं धरू नका, माझे नव्हते.