पैसे पूर्ण, हात जायबंदी!

प्रश्न: आम्ही बेसबॉलमधल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सवाले. पिचर (बॉल टाकणारा) मार्क मेलान्सनला 4 वर्षांचे 6 कोटी 20 लाख डॉलर दिले आणि 2017 मध्ये गडी हाताच्या दुखण्याने बाहेर! अजून डोकं फिरतं. पूर्ण पैसे का द्यायचे?
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर: चिडणं साहजिक आहे हो. 2016 च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) शिकागो कब्स टीमविरुद्ध नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला 5-2 ची लीड घालवली म्हणून तर हा क्लोजर (शेवटी येऊन लीड राखणारा पिचर) आणला, आणि पहिल्याच सीझनला फोरआर्मचं ऑपरेशन, टीम 98 मॅच हरली. पण मेजर लीगचे (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचे) करार गॅरंटीड, पिचर खेळो न खेळो चेक निघतोच. माझा राग मॅनेजमेंटवर, जेमतेम एक इनिंग टाकणाऱ्यावर एवढा पैसा लावतात कशाला? (तोही बिचारा मुद्दाम थोडीच दुखावतो.) आणि 2019 मध्ये अटलांटाला पाठवल्यावर पठ्ठ्या तिकडे सेव्हवर सेव्ह (लीड राखून मॅच जिंकून देणं) करत सुटला!