शेफिल्डजवळच्या खेड्यात घर घेताय? ईम गावातून उत्तर

ताई, तुमचे प्रश्न दोनदा वाचले. मिस्टरांना शेफिल्डच्या इस्पितळात नोकरी लागली आहे. घर शहरात घ्यावं की पीक डिस्ट्रिक्ट या जवळच्या डोंगराळ भागातल्या एखाद्या खेड्यात, त्यांच्या रात्रपाळीला तुम्ही नि सात वर्षांची लेक अशा दोघीच घरात राहू शकाल का, आणि माणसं तुम्हाला आपलं म्हणतील का, असं तुम्ही विचारलंय. मी मूळची वाईची, २०१६ पासून डर्बीशरमधल्या ईम गावात राहते. (स्पेलिंग बघून आपण ‘एयाम’ म्हणतो. मलाही पहिल्याच दिवशी बसच्या ड्रायव्हरने सुधारलं होतं.) शेफिल्ड इथून वीसेक किलोमीटर. मी लिहितेय ते या एका गावाचं, सगळ्या इंग्लंडचं नाही.

आधी भीतीचं बोलू. चोराचिलटाची धास्ती मला तरी इथे वाटत नाही. शेतावरून क्वाड बाइक गेली, अवजारं गेली, कधी मेंढ्या गेल्या, असं कानावर येतं. रात्री एकटी असले तरी मला झोप लागते. खरी भीती धरायला हवी ती रस्त्यांची, आणि त्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. गावाबाहेर पडलं की पायी चालायला कडेला जागा नसते, दिवे नसतात, दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि बऱ्याच ठिकाणी गाड्यांना ताशी ६० मैलांची मुभा! डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो आणि उगवतो तो आठ वाजून गेल्यावर. त्यात रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो, तो डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. लेकीला चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घ्या आणि दोघींसाठी कपाळाला बांधायची बॅटरी. भारतातलं लायसन्स इथे १२ महिनेच चालतं, म्हणून आल्या आल्या इथल्या परीक्षेच्या मागे लागा. गाडी चालवता येत नसेल तर खेड्यात राहू नका, हे मी स्पष्टच सांगते. घर बघायला जाल तेव्हा प्रत्येक खोलीत उभं राहून मोबाइल लावून बघा. डोंगराच्या कुशीत रेंज मिळेलच असं नाही, आणि रात्री लेकीला ताप चढला तर १११ ला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या सल्ल्याच्या नंबरला, फोन लागायला हवा.

रंगावरून त्रास होतो का? तोंडावर कुणी वाईट बोललं असं माझ्या बाबतीत एकदाच झालं, तेही बाहेरून फिरायला आलेल्या माणसाकडून. ऑगस्ट २०२४ मध्ये रॉदरहॅमजवळ निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेलवर जमाव चालून गेला, तेव्हा मात्र आठवडाभर माझ्या पोटात गोळा होता. त्या आठवड्यात समोरच्या आजोबांनी दारातून एक चिठ्ठी टाकली. तिच्यात त्यांचा फोन नंबर होता आणि खाली ‘कोणत्याही वेळी’ एवढंच लिहिलेलं. आठ वर्षांत आम्ही हवामानापलीकडे फारसं बोललो नव्हतो.

आता माणसांचं. वाईला नवं बिऱ्हाड आलं की संध्याकाळच्या आत शेजारीण वाटी घेऊन येते आणि माहेर-सासर सगळं काढून घेते. इथे कुणी येत नाही. सहा महिने मी वाट बघितली, मग ठरवून टाकलं की ही माणसं शिष्ट आहेत. चूक माझी होती. इथे कुणाच्या घरी जाऊन ओळख होत नाही, कामाला गेलं की होते. चर्चच्या आवारातलं गवत काढणं, सभागृहात खुर्च्या लावणं, जत्रेला केक करणं, असल्या कामांना माणसं कायम कमी पडतात. जो हात लावतो त्याला नावाने हाक मारतात.

माझं सुरू झालं ते विहिरी सजवण्यापासून. डर्बीशरच्या बऱ्याच गावांत उन्हाळ्यात पाण्याच्या जागी मोठमोठी फुलांची चित्रं उभी करतात. लाकडी फळ्या आधी पाण्यात भिजत ठेवायच्या, त्यांवर मळलेली चिकणमाती थापायची, कागदावरचं चित्र टाचणीने टोचून मातीवर उतरवायचं आणि मग पाकळ्या, पानं, बिया, शेवाळ एकेक करून दाबत बसायचं. जे लावायचं ते निसर्गातलंच हवं. पाकळ्या खालून वर लावतात, कौलांसारखी एकीवर एक, म्हणजे पाऊस ओघळून जातो. मी पहिल्यांदा वरून सुरुवात केली आणि एका बाईने न बोलता माझी सगळी ओळ उपटून काढली! पण वर्षानुवर्षं दिवाळीला ठिपके जोडलेले हात होते, तासाभरात त्यांनी मला आकाशाचा अख्खा तुकडा देऊन टाकला.

गावाचा वारसा म्हणाल, तर इथला इतिहास दारांवरच्या पाट्यांवर लिहिलेला आहे. सप्टेंबर १६६५ मध्ये लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं. त्यातून प्लेग आला, असं गाव सांगतं. जून १६६६ मध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि पंथभेदावरून पद गेलेले त्यांच्या आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली एकत्र आले आणि त्यांनी गावाला पटवलं की कुणी बाहेर जायचं नाही, कुणी आत यायचं नाही. शेजारच्या स्टोनी मिडलटनच्या वाटेवर शिवेचा दगड आहे. नाण्यांवरून रोग पसरू नये म्हणून त्याच्या भोकांत व्हिनेगर घालून गावकरी नाणी ठेवत आणि बाहेरचे लोक तिथे धान्य ठेवून जात. १४ महिन्यांत २६० माणसं गेली. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं एकटीने पुरली. ती दगडी कुंपणातली थडगी गावाबाहेरच्या शेतात आहेत, मी संध्याकाळी त्याच बाजूला फिरायला जाते. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सगळे चर्चमधून चालत कक्लेट डेल्फला जातात. साथीत चर्च बंद करून प्रार्थना त्या घळीत उघड्यावर होत असे.

हे मला परकं वाटलं नाही, कारण आमच्या घरात उलटी गोष्ट होती. आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची. घरात उंदीर मरून पडला की गाव दारांना कुलपं लावून माळावर झोपड्यांत राहायला जायचं. इथल्या लोकांनी गाव सोडलं नाही, आमच्यांनी सोडलं, रोग तोच. एकदा गावातल्या बायकांच्या बैठकीत मी हे सांगितलं. १८९७ चं पुणं, गोऱ्या सोल्जरांची घरझडती, रँडचा खून आणि त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्चला गेलेल्या सावित्रीबाई फुले, असं सगळंच बोलले. इंग्लंडात रँडची गोष्ट सांगताना जीभ जरा अडखळली, पण कुणी नाक मुरडलं नाही. नंतर चहाच्या वेळी एक आजी जवळ आल्या आणि सावित्रीबाईंचं नाव त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

घराबद्दल थोडक्यात सांगते. भाड्याची घरं कमी आहेत, बरीच सुट्टीतल्या पर्यटकांसाठी राखलेली असतात. जुनं दगडी घर दिसायला सुंदर, पण ओल आणि गारठा पाचवीला पुजलेला. संरक्षित यादीतलं असेल तर खिडकी बदलायलाही परवानगी लागते. आम्हाला एका एजंटने ओलीवर ताजा रंग फासून घर दाखवलं होतं, तेव्हा भिंतीला हात लावून बघा. लेकीसाठी गावातली शाळा छोटी आणि चर्चशी जोडलेली आहे. प्रार्थना नको असेल तर तसं सांगायचा हक्क पालकांना आहे. आम्ही तो वापरला नाही. आमची लेक नाताळच्या नाटकात मेंढी झाली होती.

कोथिंबीर, कढीपत्ता, ज्वारीचं पीठ यांसाठी शेफिल्डलाच जावं लागतं. मी पंधरा दिवसांचं एकदम आणते.

ठरवण्याआधी जमलं तर ऑगस्टच्या उत्तरार्धात चार दिवस येऊन राहा. तेव्हा विहिरीच्या फळ्या भरायचं काम असतं. नखं मात्र कापून या, माती आठवडाभर निघत नाही.